पुतळाबाईचा सिनेमा

।। श्री खंडेराय प्रसन्न ।।

वाळूज, जि. औरंगाबाद
दि. २१ नोव्हेंबर १९९३

चि. बानाबाई हिस,
कचरूमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व क्षेम. तुझी मामी राजाबाई खुशाल आहे, म्हणजे दिवसभर माझ्यावर डाफरत असते. तुझं पत्र पोचलं. अक्षर आतापासूनच डॉक्टरांच्या वळणावर गेलंय. नर्सचं शिक्षण पुरं होईपर्यंत तुझं पत्र वाचायला औषधाच्या दुकानात जावं लागेल.

पत्रास कारण की, गुलमंडीत पुन्हा त्या सिनेमाची पोस्टरं लागली आहेत. होय, तोच, 'चंदनटेकडी'. परवा राजाबाईला लुगडं घ्यायला गेलो होतो, तर कापडाच्या दुकानासमोरच्या भिंतीवर ती नटी कमरेवर हात ठेवून उभी. संक्रांतीला येणार म्हणे. पोस्टर लागायची ही तिसरी खेप. पहिल्यांदा लागलं तेव्हा तू चौथीत होतीस. तुझे आप्पा खुलताबादेहून नवा पटका बांधून आले होते आणि आम्ही टॉकीजवर जाऊन बघतो तर आत नागाचा सिनेमा चालू. दुसऱ्यांदा ते साध्या टोपीवर आले, तरी सिनेमा नव्हताच. आता कुणी सांगितलं तरी ते मेंढरं सोडून येतील असं मला वाटत नाही.

दोघा सख्ख्या भावांनी मिळून हा सिनेमा काढला, नायक कोणी व्हायचं यावरून दोघांचं फाटलं आणि रिळं डब्यात पडून राहिली. तेव्हा नायिका म्हणून घेतलेली पोर आता टीव्हीवर सासूचं काम करते. पोस्टरवर मात्र अजून अठराचीच आहे. आणि नाव काय, तर चंदनटेकडी! खुलताबादच्या डोंगरावर चंदन कुणाच्या बापानं पाहिलंय? सीताफळटेकडी म्हटलं असतं तर एक वेळ ऐकून घेतलं असतं.

तू विचारशील म्हणून आधीच लिहून ठेवतो. जीव टांगून बसू नकोस. हे लोक बोलतात एक आणि करतात काहीच नाही.

मामीनं तिळाची चटणी वाण्याच्या पोराबरोबर पाठवली आहे, ती एकटीनं खा, मैत्रिणींना वास देखील देऊ नकोस असा तिचा निरोप आहे. कळावे. मामावर आहे ती माया अशीच ठेव.

तुझा,
कचरूमामा

*

अंबाजोगाई
दि. ३ डिसेंबर १९९३

ती. मामांस,
बानाचा शि. सा. न. वि. वि. चटणी मैत्रिणींनी डबा उघडताक्षणी संपवली. मामीला सांगू नका.

मामा, तुम्ही चिडा, पण मी जीव टांगून बसणारच. तुम्हाला तुमची बहीण आठवते. तुम्ही डोळे मिटले की ती तुमच्यापुढं उभी राहते. मला आई आठवत नाही. ती काविळीनं गेली तेव्हा मी एवढीशी होते. मला तिची फक्त हाळी आठवते, संध्याकाळी मेंढरांना बोलवायची ती. चेहऱ्याच्या जागी काहीच येत नाही. घरात तिचा एक फोटो नाही. लोक म्हणतात बानाचं नाक पुतळाबाईवर गेलंय. मग मी आरशात नाक बघत बसते आणि बाकीचा चेहरा मनानं लावून पाहते. तो कधीच नीट लागत नाही.

त्या सिनेमात आईनं काम केलंय. सगळं गाव ते सांगतं. त्या सिनेमावाल्यांनी कामाबद्दल तिला साडीसुद्धा दिली होती. दिवाळीत घरी गेले तेव्हा मी आप्पांना पुन्हा विचारलं. आप्पांनी दर वेळेसारखंच सांगितलं की, ते वर टेकडीवर मेंढरं धरून उभे होते आणि आई खाली होती, शूटिंगच्या मशीनच्या पार जवळ, हात पुढं केला तर मशीनला लागंल इतकी. बाकीचे सगळे लांब व्हते, म्हणून सिनेमात सगळ्यात मोठी तीच दिसंल, असं त्यांचं ठाम म्हणणं आहे. इतकं जवळ उभं असलेलं माणूस मशीनला दिसलं न्हाई असं कसं व्हईल, असं ते मलाच उलट विचारतात.

त्यामुळं सिनेमा कसाही असो. नायिका म्हातारी असो, चंदन नसो, मला काही देणंघेणं नाही. मला एकदा आई बघायची आहे. सिनेमा आला की त्याच दिवशी कळवा. मामीला नमस्कार. लेकीवर लोभ आहे तो वाढू द्या.

आपली,
बाना

*

वाळूज
दि. १९ जानेवारी १९९४

चि. बानास,
अ. आ. वि. वि. तीळगूळ घे, गोड बोलायचं मात्र मला जमणार नाही.

संक्रांतीला सिनेमा आला नाही. या वेळी त्यांना दोष देता येत नाही, याचंच मला वाईट वाटतं. त्याच दिवशी विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला, ते तू पेपरात वाचलं असशील. सगळ्या शहरात पोलीस, दुकानं बंद, कंपनीची बस दोन दिवस आलीच नाही. आता सिनेमा फेब्रुवारीच्या पहिल्या शुक्रवारी लागणार म्हणतात.

आमच्या लाइनवर नानासाहेब म्हणून फिटर आहे. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या पहिल्या दंगलीत गावाकडं त्याचं घर जाळलं होतं. तो तेव्हा तुझ्याएवढा होता. त्या दंगलीनंतरच्या हिवाळ्यातच हे सिनेमावाले खुलताबादला आले होते. म्हणजे नानासाहेब आणि तुझे आप्पा एकाच वर्षापासून वाट बघतायत, एकजण विद्यापीठाच्या नावाची आणि दुसरा सिनेमाची. मी चहाच्या वेळी नानासाहेबाला म्हटलं की सरकारनं तुमची बोळवण केली, मागितलं होतं नामांतर आणि दिला नामविस्तार. त्यानं मला झापलं. म्हणाला, अर्धं हाय हे मला बी कळतं, कमी काय आलं ते मोजायला मी जन्मभर हाये. पण तो बायकोला घेऊन विद्यापीठाच्या गेटवर गेला आणि पाटी वाचत उभा राहिला. पोलिसानं पुढं व्हा म्हणेपर्यंत हलला नाही. असल्या माणसापुढं तोंड चालवायचं नसतं एवढं मला कळतं.

ज्या माळावर मी आणि तुझी आई लहानपणी मेंढरं चारायचो, तिथं आता आमच्या कंपनीचं तिसरं शेड उठतंय. बघायला ये एकदा. सिनेमापेक्षा ते बरं आहे, निदान वेळेवर पुरं होतं. मामाची आठवण असू दे.

तुझा,
कचरूमामा

*

वाळूज
दि. ५ फेब्रुवारी १९९४

चि. बानास,
अ. आ. वि. वि. सिनेमा आला. काल पहिलाच खेळ पाहिला. कंपनीत खाडा केला, त्याचा आता पश्चात्ताप होतोय.

काय सांगू तुला! इतकी वर्षं डब्यात होता ते बरं होतं. नायिका धनगराची पोर, आणि तोंडाला पावडर इतकी की मेंढीनं हुंगलं तर शिंकेल. घोंगडं कोरं करकरीत, त्यावरची घडीदेखील मोडलेली नाही. काठी धरते ती छत्रीसारखी. नायक एका दमात आख्खा मेंढा खांद्यावर घेऊन डोंगर चढतो आणि वर पोचून गाणं म्हणतो. त्याचं बोलणं ऐकलंस तर हसून मरशील. शहरातल्या कुणीतरी कागदावर लिहून दिलेलं गावठी. प्रत्येक वाक्याला 'बगा की'. आपल्याकडं असं कोण बोलतं?

आणि कळस सांगतो. मेंढरं पडद्यावर आणि आवाज शेळ्यांचा! अख्खा कळप शेळ्यांसारखा बेंबटतोय. आमच्या रांगेत खुलताबादकडची माणसं होती, ती पोट धरून हसली. कुणा शहाण्यानं मुंबईला बसून हा आवाज भरला असेल, त्यानं जन्मात मटणाशिवाय मेंढरू पाहिलेलं नसणार. ती नटी हाळी देते, या गं माझ्या लेकरांनो, असली काहीतरी. मेंढरं तिच्याकडं ढुंकूनही पाहत नाहीत. सगळी पाठ करून चरतायत. मेंढरांना अक्कल आहे.

म्हणून सांगतो, तू इतक्या लांबून येऊ नकोस. परीक्षा तोंडावर आली आहे. गर्दी फार, उजेड कमी, रिळावर सगळ्या रेघाच रेघा. तुझी आई कुठंतरी असेल, पण माझी नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही. आप्पांना मी अजून निरोप दिलेला नाही. त्यांची मेंढरं गंगाथडीला गेली आहेत, पैठणच्या अलीकडं एका वावरात बसवली आहेत. त्यांना तिथंच राहू दे. एक गोष्ट खरी दिसली, ती म्हणजे आपला डोंगर. तो बिचारा आहे तसाच आला आहे.

अभ्यास कर. मामी म्हणते, जेवण वेळेवर घे. मामाचं ऐकतेस तशीच ऐकत जा.

तुझा,
कचरूमामा

*

अंबाजोगाई
दि. १४ फेब्रुवारी १९९४

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि. मी तुमचं ऐकलं नाही. रागावण्याआधी पत्र पुरतं वाचा.

तुम्ही शेळ्यांच्या आवाजावर एवढं लिहिलंत, पावडरीवर लिहिलंत, घोंगड्याची घडीसुद्धा सोडली नाहीत. आईबद्दल मात्र एकच ओळ, आणि ती पण तुमच्या नजरेवर ढकललीत. याच नजरेनं तुम्हाला पडद्यावरची घडी दिसली की! तेव्हाच मला काय ते कळलं. तरी स्वतः बघितल्याशिवाय मन मानेना. आमच्या शेजारच्या कमरुन्निसाखालांना पत्र टाकलं, त्या खुलताबादहून आल्या आणि काल रविवारी आम्ही दोघींनी दुपारचा खेळ पाहिला. तुमच्या दारावरून न येता परत गेले, त्याबद्दल मामीची माफी मागते. तेव्हा मला कुणाशी बोलायचं नव्हतं.

तुम्ही खरंच लिहिलंत. सिनेमा टाकाऊ आहे आणि त्यात आई नाही. मी प्रत्येक बाईचा चेहरा पाहिला. पाणवठ्यावरच्या, बाजारातल्या, लग्नाच्या मांडवातल्या. एका ठिकाणी खाली जमिनीवर सावली पडलेली दिसते. मागच्या बाकावरच्या खुलताबादकडच्या बायका म्हणाल्या, ती बघा पुतळाबाई. मला पण क्षणभर तसं वाटलं. खाला फणकारल्या, अगं पुतळाबाई काय एवढी ढेरपोटी व्हती व्हय, ती त्या सिनेमावाल्या मोठ्या साहेबाची सावली हाय. मला हसू यावं की रडू तेच कळेना.

मग तो हाळीचा प्रसंग आला. नटीनं तोंड उघडलं, मेंढरं पाठमोरी. आणि लगेच पुढच्या चित्रात मामा, सगळा कळप टेकडीवरून खाली धावत सुटतो. नटी त्या चित्रात नाहीच. नुसती मेंढरं. ती सरळ आमच्याकडं येतात. सगळ्या माना वर, सगळे डोळे एकाच ठिकाणी. ओळखीच्या माणसाकडं यावीत तशी. मी खालांचा हात धरला आणि विचारलं की, ही कुणाकडं बघतायत?

तेव्हा खालांनी मला सगळं सांगितलं. त्या दिवसांत सिनेमावाल्यांच्या रोट्या त्याच भाजत होत्या. ती नटी सकाळपासून हाळ्या देऊन दमली, पण एक मेंढरू हललं नाही. सगळे कंटाळले, ऊन चढलं. शेवटी मोठ्या साहेबानं आईला बोलावलं आणि मशीनच्या बाजूला, अगदी खेटून उभं केलं. तिनं एकच हाळी दिली, तो कळप आला. तेवढंच तिचं काम. मशीनचं तोंड मेंढरांकडं होतं, आईकडं नव्हतं. आप्पांचं काही चुकलं नाही, ती जवळच उभी होती. फक्त फार जवळ होती. खाला म्हणाल्या, मला वाटलं तुमाला ठाऊक असंल, घरची गोष्ट, मी कशाला सांगू.

मामा, म्हणजे मी थेटरात जिथं बसले होते, ती आईची जागा होती. ती मेंढरं आईकडं बघत होती. मला तिचा चेहरा नाही दिसला. पण तो चेहरा बघणारे इतके डोळे मी पाहिले, आणि ते सगळे तिच्यावर खूश होते. आवाज नटीचा होता, शेळ्यांचा होता. मी कान बंद केले आणि मला आठवते ती हाळी त्यात घातली. ती बरोबर बसली. मी रडले, खालाही रडल्या. मागच्या बायकांना वाटलं असेल, ह्या दोघी काय बघून रडतायत.

एवढ्या कळपामागं कुणी एक माणूस टेकडीवरून हात हलवतो, धनगराचं सोंग केलेला नट असावा. तो नसता तर चित्र आणखी चांगलं झालं असतं.

चेहरा मिळायला हवा होता मामा. तो नाही मिळाला, हे दुःख आहेच. आप्पांना तुम्ही न्या. त्यांच्यापासून लपवू नका. मामीला नमस्कार. रागावला असाल तरी आपली म्हणा.

आपली,
बाना

*

वाळूज
दि. १८ फेब्रुवारी १९९४

चि. बानास,
अ. आ. वि. वि. रागावलो नाही. तुझी मामी रागावली आहे, दारावरून गेलीस म्हणून. ते तू निस्तर.

तुझं पत्र परवा मिळालं. ते वाचून मला माझीच चीड आली. मी धनगराच्या पोटचा, मेंढरं कुणाकडं बघतात हे मला कळायला नको? मी चेहरा शोधत बसलो आणि पावडर मोजत बसलो. आपल्याकडची माणसं डोंगर ओळखायला येतात म्हणून टॉकीजवाल्यानं सिनेमा दुसरा आठवडा ठेवला होता, आणि काल शेवटचा दिवस. म्हणून काल सकाळीच पैठणच्या गाडीनं गेलो आणि आप्पांना वावरातून उठवून आणलं. पुतळाबाईचा चेहरा सिनेमात नाही, हे बसमध्येच सांगून टाकलं. पटका मात्र त्यांनी नवा बांधला होता.

थेटरात त्यांनी सगळ्यांची करमणूक केली. शेळ्यांचा आवाज आला तसे मोठ्यानं म्हणाले की, अरं ह्या येड्यांनी माझ्या मेंढरांची जातच बदलली. नायकानं मेंढा उचलला तेव्हा सांगितलं की मेंढा कापसाचा हाय. डोअरकीपर दम द्यायला आला आणि त्यांच्या शेजारी बसून ऐकत राहिला. मग तुझं ते चित्र आलं. मेंढरं उतरायला लागली. आप्पा एकेकीचं नाव घ्यायला लागले. पुढची चांदी, तिच्यामागं भुरी, लंगडते ती काजळी. सगळी कधीच मेली, बाना. नावं घेता घेता त्यांनी एकदम माझं मनगट धरलं.

तो टेकडीवरचा माणूस नट नाही. ते तुझे आप्पा आहेत.

सिनेमा संपेपर्यंत ते थांबले नाहीत. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते. सगळी मेंढरं सुटली, मागं एकही ऱ्हायलं न्हाई, हे कळवायला त्यांनी वरून हात केला होता. खरं म्हणजे सिनेमावाल्यांना त्याची गरज नव्हती. तिच्यासाठीच केला होता. संध्याकाळी त्यांनी तिला विचारलं की, माझा हात दिसला का? तुझी आई खट्याळ. ती म्हणाली, धुरळ्यात काय दिसतंय, मला काय बी दिसलं न्हाई. हे रुसले. ती हसत राहिली. पुढच्या वर्षी ती गेली, आणि तिला खरंच दिसला नव्हता की ती थट्टा करत होती, हे विचारायचं राहून गेलं. पोस्टर लागलं की मेंढरं सोडून येत होते, ते तिचा चेहरा बघायला तर येतच होते. पण धुरळ्यात तो हात दिसतो का, हेही त्यांना बघायचं होतं.

सिनेमा आज उतरला. त्याच्या जागी मारामारीचा लागलाय आणि मला त्या चंदनटेकडीबद्दल वाईट बोलावंसं वाटत नाही, हे मामीला सांगू नकोस, ती मला चिडवून हैराण करील. पण बाना, तू तिच्या जागेवर बसली होतीस, मी बसलो होतो, आणि काल आप्पा बसले. त्या जागेवरून धुरळा फार दिसत नाही. हात अगदी स्पष्ट दिसतो.

कळावे. लोभ तर तुझा आहेच, तो आता आप्पांकडंही थोडा जास्त वळू दे.

तुझा,
कचरूमामा